चाक उलटं करून बघा: ओरिजिनल अलॉय आणि बनावट अलॉय ओळखायचं कसं

एकाच डिझाइनची दोन अलॉय चाकं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची मोटारीची चाकं, शेजारी ठेवलेली असतात. सहा जाड आरे, कांस्य रंग, मधल्या टोपीवर तेच नाव. एकाची किंमत ऐकून माणूस दचकतो, दुसऱ्याची ऐकून खूश होतो. दिसायला दोन्ही सारखीच. मग महाग चाक घेणारा नुसत्या नावाचे पैसे मोजतो का? आणि स्वस्त चाकात नेमकं काय कमी असतं?

गाडीला हौसेने लावायच्या बहुतेक वस्तूंच्या बाबतीत हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि खिशाचा प्रश्न असतो. सीट कव्हर हलकं निघालं तर उसवेल, एवढंच. धावत्या गाडीचं चाक तुटलं तर मात्र टायरमधली हवा क्षणात जाते आणि त्या कोपऱ्यावर ना ब्रेकचा भरवसा राहतो, ना स्टिअरिंगचा. म्हणून हा विषय नीट समजून घेतलेला बरा.

## ओरिजिनल, रेप्लिका आणि बनावट

गाडी कारखान्यातून येते तेव्हा तिच्यावर गाडीच्या कंपनीने ठरवलेली चाकं असतात. ती उतरवून आपण दुसऱ्या उत्पादकाची बसवतो, ती आफ्टरमार्केट चाकं. जर्मनीची बीबीएस, इटलीची ओझेड, जपानच्या रेज, एन्काई आणि वर्क ही या धंद्यातली जुनी, नावाजलेली मंडळी. त्यांची काही डिझाइनं दशकानुदशकं टिकली आहेत. रेजचं टीई३७ हे चाक १९९६ पासून बाजारात आहे. त्याच्या नावातला ३७ हा आकडा वजनावरून आला, कारण १५ इंच व्यासाचं आणि ६ इंच रुंदीचं ते चाक भरलं ३.७ किलो. इतकं गाजलेलं डिझाइन म्हटलं की त्याच्या नकला होणारच.

नकला मात्र दोन प्रकारच्या असतात. पहिली रेप्लिका: डिझाइन दुसऱ्याचं उचललेलं, पण चाकावर बनवणाऱ्याने स्वतःचंच नाव घातलेलं. दुसरी बनावट: डिझाइन तर उचललंच, शिवाय मूळ कंपनीचं नाव, लोगो, स्टिकर, कधीकधी खोकासुद्धा. विक्रेते दोन्हींना सरसकट ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात आणि हा फरक पुसून टाकतात.

फरक मोठा आहे. रेप्लिका बनवणाऱ्याने निदान आपलं नाव लावलेलं असतं. चाकात दोष निघाला तर कुणाला जाब विचारायचा ते ठाऊक असतं. बनावट चाकाच्या मागे कुणीच उभं नसतं. ज्याने नावाच्या बाबतीत खोटं सांगितलं, त्याने त्याच चाकावर कोरलेल्या भारक्षमतेच्या आकड्याबद्दल खरं सांगितलं असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

## चाकाला काय सोसावं लागतं

साधारण मोटारीच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ५०० फेरे. गाडी ५०,००० किलोमीटर चालली की झाले अडीच कोटी फेरे. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आरा एकदा भाराखाली येतो आणि पुन्हा मोकळा होतो. वळणावर त्यात बाजूचा रेटा मिसळतो, ब्रेक दाबला की पीळ, आणि खड्डा आला की सरळ घाव.

हातात तार घेऊन एकदा वाकवली तर तुटत नाही. पुढे-मागे वाकवत राहिलं की मात्र अचानक तुटते. धातूच्या या थकण्याला फटीग म्हणतात. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली राहिला तर ते जवळजवळ अमर्याद फेरे सोसतं. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी पक्की मर्यादा नसते. ताण कमी असला तरी फेरे वाढत गेले की कधीतरी बारीक तडा सुरू होऊ शकतो. चांगला उत्पादक चाकाचा आकार आणि जाडी अशी बेततो की तो ‘कधीतरी’ चाकाच्या वापराच्या आयुष्यात येऊच नये. मात्र हा सगळा हिशेब धातू अपेक्षेइतका चांगला आहे असं धरून केलेला असतो. धातूच कमअस्सल निघाला तर तीच जाडी अपुरी पडते, आणि रंगाच्या थराखाली ते कुणालाही दिसत नाही.

## कारखान्यात फरक कुठे पडतो

बहुतेक अलॉय चाकं ओतीव असतात. वितळलेला मिश्रधातू साच्यात भरायचा, थंड झाला की काढायचा. चाकांसाठी ठरलेल्या एका मिश्रधातूत ॲल्युमिनियमबरोबर सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम असतं. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषून घेतं. धातू गोठू लागला की त्यात एवढा हायड्रोजन मावत नाही, तो बाहेर पडू पाहतो आणि त्याचे सूक्ष्म बुडबुडे धातूतच अडकतात. फटीगचा तडा बऱ्याचदा अशाच एखाद्या पोकळीपासून सुरू होतो. म्हणून ओतण्याआधी वितळलेल्या धातूतून आर्गॉन किंवा नायट्रोजन वायू फिरवून हायड्रोजन काढून टाकतात, आणि ओतल्यावर चाकांचे एक्स-रे काढतात. ज्यांत पोकळ्या जास्त दिसतात ती चाकं पुन्हा भट्टीत जातात.

त्यानंतर उष्णतोपचार. टी६ नावाच्या प्रक्रियेत चाक काही तास ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, मग पाण्यात झटकन थंड करतात आणि पुन्हा १५० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. यामुळे मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर पसरतात आणि त्याची ताकद बरीच वाढते.

आता बनावट चाक करणाऱ्याच्या बाजूने विचार करा. त्याला पैसे वाचवायचे आहेत. आकारात वाचवले तर गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येईल. रंगात वाचवले तरी येईल. वायू काढणं, एक्स-रे, कित्येक तासांची भट्टी, नापास चाकं परत वितळवणं, यांत वाचवले तर कुणाला पत्ताही लागणार नाही. ज्या कामांवर चाकाची ताकद अवलंबून असते, नेमकी तीच डोळ्यांना दिसत नाहीत.

फोर्ज्ड चाकाची तऱ्हा वेगळी. त्यात धातू ओतत नाहीत. घन गोळा तापवून हजारो टनांच्या दाबाखाली त्याला आकार देतात आणि मग मशीनवर कापून नेमका घाट काढतात. त्यात ओतकामातल्या पोकळ्या राहत नाहीत, त्यामुळे कमी धातूत तेवढीच ताकद मिळते आणि चाक हलकं होतं. अशा गाजलेल्या चाकांच्या नकला बऱ्याच होतात, आणि त्या सहसा ओतीव असतात. मूळ आकार फोर्ज्ड धातूच्या ताकदीवर बेतलेला. तोच सडपातळ आरा साध्या ओतीव धातूत उतरवला तर तो त्या कामाला पुरा पडेलच असं नाही.

## कोरलेल्या खुणा काय सांगतात

चाकांच्या चाचण्या मुख्यतः तीन. एका यंत्रात चाक वळणावर वाकतं तसं लाखो वेळा वाकवतात. दुसऱ्यात टायरसह चाक फिरत्या ड्रमवर दाबून, नेमलेल्या भाराच्या दुपटीच्या आसपास भार देऊन पळवतात. तिसऱ्यात चाक १३ अंश तिरकं ठेवून त्याच्या कडेवर वजन टाकतात. या तिसऱ्या चाचणीत आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मधल्या भागातून आरपार तडा गेला किंवा एका मिनिटात टायरमधली सगळी हवा गेली की चाक नापास.

या चाचण्यांच्या मागे वेगवेगळ्या देशांच्या व्यवस्था आहेत. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल ही अक्षरं असतात. जपान सरकारच्या तांत्रिक मानकाप्रमाणे चाचणी करून उत्पादक ती स्वतः लावतो. शेजारी व्हीआयए असेल तर स्वतंत्र संस्थेकडे चाचणी आणि नोंदणी झाली असा त्याचा अर्थ. जर्मनीत वाहतूक प्राधिकरणाने दिलेला केबीए क्रमांक चाकावर असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १२४ क्रमांकाच्या नियमाखाली मंजूर झालेल्या चाकावर वर्तुळात ई, त्यापुढे मंजुरी देणाऱ्या देशाचा आकडा आणि १२४आर ने सुरू होणारा क्रमांक असतो.

पण साच्यात अक्षरं कोरायला चाचणी लागत नाही. जो दुसऱ्याचं नाव ओततो, त्याला जेडब्ल्यूएल ओतणं काय जड आहे? म्हणून नुसत्या अक्षरांवर समाधान मानू नका. ज्या खुणेला क्रमांक जोडलेला आहे, तिचा उपयोग जास्त. केबीए किंवा १२४आर चा क्रमांक शोधून बघता येतो आणि तो याच उत्पादकाच्या, याच मॉडेलच्या, याच मापाच्या चाकाला दिला आहे का, हे ताडून पाहता येतं. भलत्याच चाकाचा क्रमांक निघाला तर तिथेच थांबायचं.

## समोरचा चेहरा सोडा, पाठ बघा

नक्कल करणाऱ्याची सगळी मेहनत समोरच्या बाजूवर असते, कारण फोटो तिचाच निघतो. मधली टोपी, स्टिकर, व्हॉल्व्हची झाकणं ही तर सुटी मिळतात, त्यांवरून काहीच ठरवू नका. चाक उलटं करा.

सर्वांत आधी आऱ्यांची मागची बाजू. ओतीव चाकाच्या पाठीवर साच्यातून आलेला किंचित खरबरीत पोत असतो, कोपरे गोलसर असतात. बऱ्याचदा तिथे एक छोटं घड्याळासारखं वर्तुळ दिसतं. कडेने महिन्यांचे आकडे, मध्ये वर्षाचा आकडा आणि महिना दाखवणारा बाण, ही ओतकामाची तारीख. चांगल्या ओतीव चाकावर ते असणं योग्यच आहे. पण ज्या मॉडेलला उत्पादक फोर्ज्ड म्हणतो, त्याच्या पाठीवर ओतकामाची अशी तारीख दिसली तर विषय संपला. फोर्ज्ड चाकाच्या पाठीवर धातू काढून हलकं करताना कापणाऱ्या हत्याराच्या समांतर, बारीक रेषा रंगाखालूनही जाणवतात आणि कोपरे रेखीव असतात.

मग अक्षरं. मशीनने कोरलेलं अक्षर खोलीला सगळीकडे सारखं असतं, कडा बोटाला टोचतील अशा, तळ सपाट. साच्यातून आलेलं अक्षर बहुधा उठावाचं, कडा वितळल्यासारख्या, पृष्ठभाग दाणेदार. मूळ उत्पादक ज्या मॉडेलवर नाव मशीनने कोरतो, त्यावर उठावाचं किंवा नुसतं चिकटवलेलं नाव दिसलं तर ते चाक त्याचं नव्हे. त्यासाठी उत्पादकाच्या स्वतःच्या फोटोंमधलं एक अक्षर निवडा आणि समोरच्या चाकावरच्या त्याच अक्षराशी ताडा. अक्षराची वळणं हुबेहूब उतरवणं कठीण असतं, नकलेत त्यांतलं अंतर हमखास बिघडतं.

कडेने गोल बोल्टची माळ असलेली चाकं असतात, त्यांना आणखी एक कसोटी लावता येते. दोन-तीन भागांच्या चाकात हे बोल्ट मधली थाळी आणि बाहेरचं रिम खरोखरच जोडून धरतात. पाठीमागे बघितलं की भागांची सांधरेघ दिसते, बोल्टचं टोक किंवा नट दिसतो. एकसंध ओतलेल्या नकलेत बोल्ट म्हणजे नुसत्या टोप्या, चिकटवलेल्या. पाठ तिथे सपाट. मात्र घाई नको. काही नामांकित कंपन्या त्यांच्या एकसंध चाकांनाही शोभेचे बोल्ट लावतात. आपण बघतोय ते मॉडेल मुळात किती भागांचं आहे, हे आधी कॅटलॉगमध्ये पाहा.

कॅटलॉग हा खरं तर सर्वांत भक्कम पुरावा, आणि लोक तोच विसरतात. चाकाचं माप म्हणजे व्यास, रुंदी, पीसीडी आणि ऑफसेट. पीसीडी म्हणजे बोल्टच्या छिद्रांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास: ५×११४.३ म्हणजे पाच छिद्रं, ११४.३ मिलिमीटरचं वर्तुळ. ऑफसेट म्हणजे हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने बसतं त्याला) टेकणारी बाजू रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर सरकलेली आहे. तो ईटी या अक्षरांनी लिहितात. उत्पादक प्रत्येक मॉडेल ठरावीक मापांतच बनवतो. विकायला ठेवलेलं माप त्याने कधी बनवलंच नसेल, तर पुढचं काही तपासायची गरज नाही. दोन पीसीडींसाठी एकाच चाकाला आठ किंवा दहा छिद्रं पाडलेली असतील तरी सावध व्हा. साधी ओतीव चाकं अशी खरोखर मिळतात, महागड्या फोर्ज्ड चाकांत हे क्वचितच दिसेल.

शेवटी वजन. टायर न चढवलेलं चाक काट्यावर ठेवा आणि त्या मापासाठी उत्पादकाने जाहीर केलेल्या वजनाशी ताडा. रंगामुळे थोडं इकडे-तिकडे होईल. किलोभराहून जास्त फरक पडला तर शंका घेतलीच पाहिजे, कारण फोर्ज्ड चाकाची ओतीव नक्कल सहसा जड भरते. या तपासणीला कुणी विक्रेता आढेवेढे घेत असेल तर त्यातूनही काय ते कळतं.

चुंबक लावून बघणं किंवा वाजवून आवाज ऐकणं यांनी मात्र काही कळत नाही. ओरिजिनल काय आणि नक्कल काय, दोन्ही ॲल्युमिनियमची. चुंबक दोन्हींना चिकटणार नाही.

आणि उलट बाजूची चूकही होते. बीबीएस जर्मन म्हणून तिच्या एलएम नावाच्या चाकावर ‘मेड इन जपान’ बघितल्याबरोबर लोक त्याला बनावट ठरवतात. ती फोर्ज्ड चाकं जपानमध्येच बनतात, तेव्हा ती खूण योग्य आहे. मॉडेलचा इतिहास न बघता निकाल देऊ नये.

## “दोन्ही एकाच कारखान्यात बनतात म्हणे”

हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी हमखास असतं. एका कारखान्यात अनेक नावांची चाकं बनतात हे खरं आहे. पण समजा साचाही तोच वापरला, तरी धातूची शुद्धता, भट्टीतले तास, एक्स-रेमध्ये नापास झालेलं चाक बाजूला काढणं, हे सगळं ज्याच्या ऑर्डरवर काम चाललंय त्याच्या अटींवर ठरतं. ज्याचं नाव चाकावर जाणार तो या अटी लिहून घेतो आणि तपासतो. नाव न विचारता लावलेलं असेल, तर अटी घालणाराच कुणी नसतो.

## “ओळखीच्यांनी वर्षानुवर्षं वापरली, काही झालं नाही”

झालं नसेलच. गुळगुळीत रस्ता, हलकी गाडी, बेताचा वेग असेल तर कमकुवत चाकही बराच काळ टिकतं. फटीगची अडचण हीच आहे की तडा मोठा होईपर्यंत चाक पूर्वीसारखंच चालतं. शिवाय नकलांमध्ये एक चाक दुसऱ्यासारखं असेल याची हमी नसते. एकाचा चांगला अनुभव त्याच्या सेटपुरता खरा. तपासणी नसलेल्या कारखान्यातून निघालेल्या पुढच्या सेटबद्दल तो काही सांगत नाही.

ओरिजिनल चाकं तुटत नाहीत का? तुटतात. खोल खड्ड्यात वेगाने गेलं तर कुठलंही चाक वाकेल किंवा तडकेल. फरक असा की चाचणीतून गेलेलं चाक किती सोसेल हे मोजलेलं असतं आणि एखाद्या खेपेत दोष निघाला तर ती चाकं कोणती, ते उत्पादकाला शोधता येतं.

## “मग रेप्लिका घ्यायचीच नाही का?”

असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या नावाने विकलेली, पडताळता येईल असा मंजुरी क्रमांक असलेली, भारक्षमता स्पष्ट लिहिलेली रेप्लिका सुरक्षित असू शकते. दुसऱ्याचं डिझाइन उचलणं योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे आणि कायदाही जागोजागी वेगळा आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ रोजी अकाशिया या इटालियन कंपनीच्या खटल्यात निकाल दिला, की तेव्हाच्या कायद्याप्रमाणे गाडीच्या कंपनीच्या चाकांसारखीच दिसणारी चाकं दुरुस्तीसाठी म्हणून विकता येऊ शकतात. समोर ऑडी आणि पोर्शे होत्या. पण न्यायालयाने एक अटही घातली: हे डिझाइन आपलं नाही आणि चाक फक्त दुरुस्तीसाठी आहे, हे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. बनावट चाक विकणारा नेमकं हेच लपवतो.

भारक्षमता कशी बघायची? गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत प्रत्येक ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर, जास्तीत जास्त किती भार चालतो ते दिलेलं असतं. त्याला दोनने भागा. ११०० किलो असेल तर चाकावर निदान ५५० किलो लिहिलेलं हवं. आकडाच नसेल तर ते चाक घेऊ नका, मग नाव कुणाचंही असो.

## जुनी घेताना

वापरलेल्या चाकांत आणखी एक धोका असतो. चाक अस्सल असतं, पण कधीतरी तडकलेलं आणि वेल्डिंग करून रंगवलेलं. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासचा टी६चा परिणाम जातो आणि तेवढा पट्टा मऊ पडतो. ताज्या रंगाचं जुनं चाक दिसलं तर आतल्या बाजूने, टायर बसतो त्या पट्ट्यावर, फुगवटा किंवा घासल्याच्या खुणा शोधा. टायर चढवलेला असेल तर तो उतरवल्याशिवाय व्यवहार करू नका. भाग क्रमांकाचे आणि पाठीचे फोटो मूळ कंपनीला किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याला पाठवून विचारता येतं.

## आधीच बसवलेली असतील तर

घाबरून जायचं कारण नाही, पण टाळाटाळही नको. पुढच्या वेळी टायर काढाल तेव्हा चारही चाकं धुऊन उजेडात बघा. आरे जिथे मधल्या भागाला आणि रिमला मिळतात ती जागा, बोल्टच्या छिद्रांभोवतालचा भाग आणि रिमची आतली कड, तडे बहुधा इथेच सुरू होतात. एकच टायर वारंवार हवा सोडत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर रिम साबणाच्या पाण्यात तपासून घ्या. केसाएवढा तडा दिसला तरी ते चाक दुरुस्त न करता बाद करायचं. आणि चाकं बनावट आहेत हे कळल्यावर ती ओरिजिनल म्हणून पुढे विकू नका. भंगारात देताना एक आरा कापून द्या, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या गाडीवर चढणार नाहीत.